यादी पेन्सिलीनं लिहायची असते

बांबोळीच्या त्या मजल्यावर मी एकटाच,
ज्याला सुई धरता येत नव्हती, आणि तरी
तेवीस मुलांच्या छाती केव्हा उघडायच्या
ते माझ्या वहीत होतं.

मऊ शिशाची पेन्सिल घे, जुन्या बाई
निवृत्त होताना सांगून गेल्या.
कडक शिशाचा चरा पुसूनही उरतो.

डॉक्टर दोन महिन्यांनी एकदा बेळगावहून यायचे,
चोर्ला घाट उतरून,
डिकीत स्वतःची चिमट्यांची पेटी,
मागच्या सीटवर पेंगणारा मशीनवाला.
तीन दिवसांत सहा मुलं.
मार्चमध्ये केरीच्या नाक्यावर बांबू आडवा पडला.
अलीकडे आमची मुलं, पलीकडे त्यांची पेटी,
मध्ये एक पोलीस, तोंडाला रुमाल बांधून.

मग लहान मुलांचा आयसीयू गेला.
गेला म्हणजे तिथंच होता,
भिंतीवरचा जिराफही तिथंच,
त्याच्या पायाशी मोठी माणसं
पालथी निजवलेली.

मला काम उरलं फोनचं.
प्रत्येक फोन आधी खोकायचा,
मग अंतर राखायला सांगायचा,
मग रिंग.
एल्विनाचे पप्पा का? तारीख पुढे गेली.
शिफाचे अब्बा? पुढे गेली.
पुढे जाणं. शाळेत असताना
किती चांगलं वाटायचं हे क्रियापद.

दीक्षिता वेळीप. गावडोंगरी, काणकोण.
वय चार, वजन अकरा किलो दोनशे, ओठ जांभळे.
तिची आई कातळावर चढली की
एक दांडी रेंज यायची.
आधी वारा ऐकू यायचा, मग ती.
काजूचे दिवस.
"बोंडू वेचता वेचता मध्येच उकिडवी बसते,
गुडघे पोटाशी घेते. जरा वेळानं उठते.
कोणी शिकवलं नाही."
बसू द्या, मी म्हणालो.
तेवढं मला माहीत होतं.
मग नवी तारीख सांगितली.
ती म्हणाली, देव बरें करूं.

पाच वेळा पुसली.
पाच वेळा तिनं माझे आभार मानले.

दुसऱ्या उन्हाळ्यात सगळा गोवा
बोटाला चिमटा लावून बसला.
माझ्या मेव्हण्याचं त्र्याण्णव आलं,
त्या रात्री घरात कोणी जेवलं नाही.
गावडोंगरीला पंचायतीनं यंत्र आणलं,
वाड्यावरच्या सगळ्यांचं बघून झाल्यावर
पोरीच्या बोटालाही लावलं.
चौऱ्याहत्तर.
पंच दोन पावलं मागे सरकला.
"मी म्हटलं, भियेनाकात,
तें तिचें सदांचेंच."

पाचव्यांदा तर सगळं जमलं होतं.
घाट मोकळा, खाट मोकळी,
ताजं रक्त द्यायला तळपणचे तीन रांपणकार.
आणि आदल्या संध्याकाळी तिच्या बापाला
भट्टीशेजारी उभं राहून
हुर्राकाचा वास येईना.

शिफाच्या ओळीत शेवटची तारीख अजून आहे.
सातवी, बुधवार.
तिथं मी खोडरबर लावलेलं नाही.

नोव्हेंबरात पेटी घाट उतरली.
डॉक्टरांचे केस पांढरे झालेले,
मशीनवाला दुसराच.
दीक्षिताचं वजन तेरा किलो शंभर,
मी खोडून नवीन लिहिलं, उगाच जाड अक्षरात.
सकाळी आठला आत नेली.
मी बाहेर चहा घेतला, गार होऊ दिला, दुसरा घेतला.
तिची आई भिंतीला टेकून बसली होती,
हातात पोरीची चप्पल, एकाच पायाची.
दोन वाजता दार उघडलं.

वही मी अजून ठेवली आहे.
बाईंचं खरं नव्हतं,
मऊ शिशाचाही चरा उरतो.
पान उजेडात धरलं की पाचही तारखा दिसतात.

एप्रिलमध्ये तिच्या आईचा फोन आला, आपणहून,
न खोकता.
"आता सगळ्यांसारखी वाकून वेचते.
पण मध्येच कधी सवयीनं उकिडवी बसते हां,
मग कोणी बघितलं का
म्हणून इकडे तिकडे बघते,
आणि उठते."